ग्रीक बेटांवर सायकल आणि शिडाची बोट: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

दिवसा बेटावर सायकल, रात्री बोटीवर मुक्काम, आणि एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना समुद्राचा प्रवास, असं या सहलीचं स्वरूप. सामान आठवडाभर एकाच केबिनमध्ये राहतं. रोज हॉटेल बदलावं लागत नाही. सायकली डेकवर बांधून सोबत येतात.

बहुतेकांचा गोंधळ सायकलीमुळे होत नाही, वाऱ्यामुळे होतो. या सहलीत शेवटचा शब्द वाऱ्याचा असतो. कोणत्या महिन्यात जायचं, कोणती बेटं निवडायची, बोट सकाळी किती वाजता सुटणार, परतीचं विमान कधीचं घ्यायचं, हे सगळं वारा लक्षात घेऊन ठरवलं तर निम्म्या अडचणी येतच नाहीत. म्हणून या लेखाची सुरुवातही वाऱ्यापासून केली आहे.

१. आधी महिना ठरवा

ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या मधल्या एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा वारा वाहतो. त्याचा जोर जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त असतो, पण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तो कधीही उठू शकतो. बाल्कन भागावर हवेचा जास्त दाब आणि तुर्कस्तानावर कमी दाब, या फरकातून तो तयार होतो. आपल्या मान्सूनला खेचून आणणारा जो कमी दाबाचा पट्टा आहे, त्याचंच पश्चिमेकडचं टोक तुर्कस्तानपर्यंत पोहोचलेलं असतं. महाराष्ट्रात पाऊस जोरात असतो त्याच दिवसांत एजियनमध्ये हा वारा जोरात असतो, तो यामुळे.

मेल्तेमी फसवतो, कारण तो ढग घेऊन येत नाही. आकाश स्वच्छ निळं, ऊन लख्ख, आणि समुद्रावर ५ ते ७ बोफर्टचा वारा. ६ बोफर्ट म्हणजे ताशी साधारण ३९ ते ४९ किलोमीटर. वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदर अधिकारी बोटींना निघायला बंदी करतात, आणि मग कार्यक्रमपत्रिकेत काहीही लिहिलेलं असो, बोट धक्क्यावरच राहते. सायकलवर हाच वारा समोरून आला की सपाट रस्ताही घाटासारखा वाटतो.

त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जावं. मे महिन्यात डोंगर हिरवे आणि फुललेले असतात, पण समुद्राचं पाणी गार असतं. पोहायची हौस असेल तर सप्टेंबर चांगला, कारण उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हाही कोमट असतं. मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच सोयीचा असेल तर तो निःशंक घ्या. फक्त ऑर्थोडॉक्स ईस्टरची, म्हणजे ग्रीक ख्रिश्चनांच्या मोठ्या सणाची, तारीख पाहून ठेवा. २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे. त्या आठवड्यात ग्रीक लोक आपापल्या बेटांवर जातात आणि फेरीबोटी भरलेल्या असतात. १५ ऑगस्टच्या, म्हणजे तिकडच्या मेरीच्या सणाच्या, आसपासही तेच होतं.

२. मग बेटांचा समूह

ग्रीसची बेटं समूहांत विखुरलेली आहेत आणि एका आठवड्यात एकच समूह करायचा. सँटोरिनी, कॉर्फू आणि रोड्स एकाच सहलीत बसवायचा आग्रह धरला तर सायकल बाजूलाच राहते.

डोडेकनीज हा समूह तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ आहे. कोस, कालिम्नोस, लेरोस, लिप्सी, पात्मोस ही उत्तरेकडची फेरी, तर निसिरोस, तिलोस, सिमी, रोड्स ही दक्षिणेकडची. बेटं एकमेकांच्या जवळ असल्यानं समुद्रावरचे टप्पे लहान होतात. पहिल्या सहलीसाठी आमची पसंती याच समूहाला आहे, आणि पुढचे बरेचसे तपशील कोसहून निघणाऱ्या फेरीचे आहेत.

सिक्लेडीजमध्ये केआ, किथनोस, सेरिफोस, सिफनोस, मिलोस अशी बेटं येतात. पांढरी घरं, उघडे डोंगर, सावली जवळजवळ नाही. मेल्तेमीचा पूर्ण मारा इथेच बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये नवख्यांनी इथे जाऊ नये.

आयोनियन समूह पश्चिमेला: लेफ्काडा, इथाका, केफालोनिया, कॉर्फू. इथला वारा दुपारी उठतो आणि बहुधा संध्याकाळी पडतो. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी हा समुद्र सर्वांत बरा. मात्र सायकलचे चढ इथे खडे आहेत. केफालोनियावरचा एनोस पर्वत १,६२८ मीटर उंच आहे, म्हणजे कळसूबाईइतकाच, आणि तो समुद्रातून सरळ वर आलेला आहे.

३. बोटीचा प्रकार समजून घ्या

जाहिरातीत ‘सेलिंग’ हा एकच शब्द असतो, पण त्यामागे तीन वेगवेगळे प्रकार असतात.

पहिला, तयार सायकल-बोट सहल. पंधरा ते तीस प्रवासी बसतील अशी लाकडी बोट, खलाशी, स्वयंपाकी, एक-दोन सायकल मार्गदर्शक. बहुधा शनिवार ते शनिवार, सात रात्री. खर्च केबिन आणि महिन्याप्रमाणे माणशी साधारण १,००० ते २,००० युरो, विमानभाडं वेगळं. या बोटींना शिडं असतात, पण बहुतेक वेळ त्या इंजिनावर चालतात. वारा अनुकूल असला आणि वेळ असला तरच शिडं चढतात. रोज शिडावर जायची अपेक्षा ठेवून आलेले लोक इथे नाराज होतात, म्हणून हे आधीच सांगतो.

दुसरा, शिडाची यॉट भाड्यानं घेणं. स्वतः चालवायची तर ग्रीसमध्ये मान्य असलेला स्किपरचा परवाना लागतो आणि सोबत बोटीचा अनुभव असलेली दुसरी व्यक्तीही लागते. परवाना नसेल तर स्किपर भाड्यानं मिळतो. त्याचे दिवसाला साधारण १५० ते २५० युरो आणि त्याचं जेवण तुमच्याकडे. इथे शिडावर भरपूर वेळ मिळतो, दोऱ्या ओढायला शिकता येतं, पण मोठ्या सायकलींना जागा नसते. घडीच्या सायकली न्या, नाहीतर प्रत्येक बेटावर भाड्यानं घ्या. डेकवर बांधलेल्या सायकलवर खारं पाणी उडत राहतं, त्यामुळे रोज गोड्या पाण्यानं पुसून चेनला तेल द्यावं लागतं. नाही दिलं तर दोन-तीन दिवसांत चेन गंजायला लागते.

तिसरा, सार्वजनिक फेरीबोट आणि स्वतःची किंवा भाड्याची सायकल. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोकळा. सायकल फेरीबोटीच्या खालच्या मजल्यावर गाड्यांसोबत ठेवायची, पट्ट्यानं बांधायची आणि मौल्यवान वस्तू वर घेऊन जायच्या. फेरीबोटींचं वेळापत्रक मात्र आठवड्याच्या वाराप्रमाणे बदलतं. लिप्सीसारख्या छोट्या बेटावर अडकून पडायचं नसेल तर आधी फेरीबोटी मांडा, मग खोल्या बुक करा.

कुटुंबासह पहिल्यांदा जात असाल तर पहिला प्रकार घ्या. बाकीचे दोन पुढच्या खेपेला.

४. पैसे भरण्याआधी हे विचारा

- रोजचं अंतर आणि रोजचा एकूण चढ मीटरमध्ये. नुसतं ‘३० किलोमीटर, मध्यम’ यावरून काहीच कळत नाही. ३० किलोमीटरमध्ये ६०० मीटर चढ म्हणजे चांगलीच मेहनत.
- ई-बाईक आहेत का, किती, आणि भाडं वेगळं का. त्या लवकर संपतात.
- केबिन डेकच्या खाली की वर. खालच्या केबिनमध्ये बोट कमी हलते, पण इंजिनाचा आवाज आणि उकाडा जास्त. वरच्या केबिनमध्ये हवा खेळती, पण डोलणं जास्त.
- एसी रात्रभर चालतो की जनरेटर बंद झाल्यावर थांबतो. बऱ्याच बोटींवर तो काही तासच चालतो.
- किमतीत कोणती जेवणं येतात. बहुधा नाश्ता आणि आणखी एक जेवण असतं, उरलेलं बेटावर आपल्या खर्चानं.
- बंदर शुल्क आणि टिप बोटीवर रोख द्यायची का.
- वाऱ्यामुळे बेट बदललं तर काय. प्रामाणिक आयोजक ‘मार्ग बदलू शकतो, परतावा नाही’ असं स्पष्ट सांगतो. ‘असं कधी होत नाही’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.
- बोट तुर्कस्तानात जाते का. काही सहली बोडरममधून सुटतात किंवा मध्येच तिकडे जातात. कोस आणि बोडरम समोरासमोर आहेत, पण मधे शेंगेनची (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांची) सीमा आहे. अशा सहलीला भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा वेगळा व्हिसा लागतो आणि शेंगेन व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो. एका प्रवेशाचा व्हिसा असेल तर बोट परतताना तुम्हाला ग्रीसमध्ये घेणार नाहीत.

भारतातल्या टूर कंपनीमार्फत परदेशी पॅकेज घेतलं तर टीसीएस (किमतीवर आगाऊ घेतला जाणारा आयकर) घेतला जातो. पावती जपून ठेवा, आयकर विवरणपत्रात तो जमा धरता येतो.

५. व्हिसा: बोटीवरचा मुक्काम कागदावर कसा दाखवायचा

भारतीय पासपोर्टला शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. मे-जूनच्या सहलीसाठी फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट पाहायला लागा. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५, सहा वर्षांखालच्यांना माफ. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी. जुने पासपोर्टही सोबत.
- भरलेला, सही केलेला अर्ज आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचे अलीकडचे फोटो
- किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा
- येण्या-जाण्याच्या विमानांचं आरक्षण
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- बँकेची अलीकडची विवरणपत्रं, शिक्क्यासह
- आयकर विवरणपत्रं
- नोकरी असेल तर रजेचं पत्र आणि पगारपत्रकं, व्यवसाय असेल तर नोंदणीचे कागद, निवृत्त असाल तर पेन्शनचे कागद
- कशासाठी, कुठे, किती दिवस, खर्च कोण करणार हे सांगणारं एक पानी पत्र

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते ‘प्रत्येक रात्रीचा मुक्काम’ या ओळीवर. बोटीचं बुकिंग हॉटेलच्या व्हाउचरसारखं दिसत नाही. म्हणून आयोजकाकडून त्यांच्या लेटरहेडवर सहीचं पत्र मागा: बोटीचं नाव, चढण्याचं आणि उतरण्याचं बंदर, तारखा, रोजचं बेट, प्रत्येक प्रवाशाचं पासपोर्टप्रमाणे नाव आणि पासपोर्ट क्रमांक, पूर्ण पैसे मिळाल्याचा उल्लेख. बोटीच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्रींसाठी हॉटेलचं बुकिंग जोडा. तारखांमध्ये एका रात्रीचंही भगदाड राहू देऊ नका. विमानात जाणारी रात्रसुद्धा पत्रात लिहा.

विमा घेताना रक्कम पाहून थांबू नका, अपवादांची यादी वाचा. काही पॉलिसींमध्ये सायकलिंग किंवा बोटींग ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेलं असतं. छोट्या बेटावरून मोठ्या रुग्णालयात हलवायचा खर्च त्यात धरला आहे ना, हेही पाहा.

दुबईत, लंडनमध्ये किंवा अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांनी राहत्या देशातून अर्ज करायचा. ग्रीन कार्डावर व्हिसा माफ होत नाही. जर्मनी किंवा नेदरलँड्ससारख्या शेंगेन देशाचा राहण्याचा परवाना असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, पण परवान्याचं कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही सोबत ठेवा.

६. कोसपर्यंत पोहोचणं

मुंबईहून अथेन्स, तिथून कोस. अथेन्स-कोस विमान साधारण तासाभराचं. दुसरा मार्ग रात्रीच्या फेरीबोटीचा. अथेन्स विमानतळावरून मेट्रोची लाइन ३ थेट पिरेयस बंदरात जाते आणि एक्स ९६ क्रमांकाची बस चोवीस तास असते. डोडेकनीजच्या फेरीबोटी पिरेयसच्या ई १ गेटवरून सुटतात. बंदर प्रचंड मोठं आहे आणि मेट्रो स्टेशनपासून ई १ चालत लांब पडतं, तेव्हा तासभर हाताशी ठेवा.

बोटीच्या दिवशीच कोसला उतरणारं विमान घेऊ नका. आदल्या दिवशी पोहोचा. बोट कोणासाठी थांबत नाही, कारण पुढच्या बेटावरची जागा आणि वाऱ्याची वेळ दोन्ही ठरलेल्या असतात. परतीच्या बाजूलाही एक रात्र अथेन्समध्ये ठेवा. शेंगेन सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे. युरोपातल्या दुसऱ्या शहरात विमान बदलणार असाल तर तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका.

७. ई-बाईक की साधी, आणि घरची तयारी

सिंहगड किंवा बोपदेव घाट न थांबता चढणाऱ्याला साधी सायकल पुरते. सपाट रस्त्यावर तीस किलोमीटर करणाऱ्यानं ई-बाईक घ्यावी, आणि त्यात कमीपणा मानू नये. युरोपातल्या ई-बाईकची मोटर २५० वॉटची असते आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करते. पेडल मारावंच लागतं.

स्वतःची ई-बाईक विमानातून नेता येत नाही. १६० वॉट-तासांवरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ई-बाईकची बॅटरी ४०० ते ५०० वॉट-तासांची असते. त्यामुळे ती तिथेच घ्यायची.

बुकिंगच्या वेळी उंची सेंटिमीटरमध्ये कळवा. १५५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंची असेल तर ते ठळकपणे लिहा, कारण लहान फ्रेमच्या सायकली मोजक्याच असतात आणि मागाहून आलेल्याला मोठ्या फ्रेमवर आठवडा काढावा लागतो. त्यातून गुडघे दुखतात आणि उतारावर ताबा राहत नाही.

सराव दोन महिने आधी सुरू करा. आठवड्यातून तीनदा, त्यातला एक दिवस चढाचा. कोकणातल्या सागरी मार्गावर खाडी उतरायची, पुन्हा टेकडी चढायची असं जे चालतं, तसाच बेटांवरचा रस्ता असतो: बंदरातून वर, माथ्यावरून खाली, पुन्हा वर. शेवटच्या दोन आठवड्यांत सलग तीन दिवस सायकल चालवून पाहा. एका दिवसात खूप अंतर कापण्यापेक्षा रोज सीटवर बसायची सवय जास्त कामाला येते.

८. सामान

कडक सूटकेस आणू नका. केबिनमध्ये ती ठेवायला जागाच नसते. घडी होणारी मऊ बॅग आणा.

सायकलसाठी: स्वतःचं हेल्मेट, पॅड असलेल्या दोन-तीन शॉर्ट्स, हातमोजे, कडक तळव्याचे बूट, गॉगल, पातळ विंडचीटर, पाण्याच्या दोन बाटल्या. तुमच्या सीटची उंची घरीच मोजून लिहून ठेवा. स्वतःची सीट नेलीत तर उत्तमच.

बोटीसाठी: दहा ते वीस लिटरची वॉटरप्रूफ पिशवी, पोहताना घालायचे रबरी बूट (खडकांवर काटेरी समुद्री अर्चिन असतात), कानात घालायचे बोळे, डोक्याला लावायचा टॉर्च, संध्याकाळी डेकवर बसायला एक स्वेटर. ग्रीसमध्ये २३० व्होल्ट आणि दोन गोल पिनांचे सॉकेट. आपले दोन पिनांचे चार्जर बहुधा बसतात, तीन पिनांचे बसत नाहीत. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच ठेवा.

औषधं प्रिस्क्रिप्शनसह मूळ वेष्टनात न्या. कोडिन असलेली खोकल्याची किंवा वेदनेची औषधं प्रिस्क्रिप्शनशिवाय अजिबात नेऊ नका, ग्रीसमध्ये त्यावर कडक नियंत्रण आहे. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या बोट हलायच्या तास-दीड तास आधी घ्यायच्या असतात. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून त्याच सकाळी सायकल चालवायची असेल तर कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारा. आलेपाक मात्र खिशात असू द्या.

९. पहिल्या दिवशी सायकल ताब्यात घेताना

इथे घाई करू नका. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. भारतात उजव्या हाताचा ब्रेक सहसा पुढच्या चाकाचा असतो. ग्रीसमध्ये पुढच्या चाकाचा ब्रेक डाव्या हाताला असतो. सवयीनं डावा हात मागचा ब्रेक समजून जोरात दाबला की पुढचं चाक अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. धक्क्यावरच पाच-दहा मिनिटं हळू चालवून हाताला नवी सवय लावा. फार अडचण वाटत असेल तर मार्गदर्शकाला ब्रेक बदलून द्यायला सांगा. केबलचे ब्रेक असतील तर ते सहज होतं, हायड्रॉलिकला वेळ लागतो.

मग सीट. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हायला हवा. उंची जमली की सीटच्या दांड्यावर टेप लावून खूण करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सायकलींची अदलाबदल झाली तरी ओळखता येईल. टायरला चिरा नाहीत, दोन्ही ब्रेक धरतात, सगळे गिअर पडतात, दिवे लागतात, ई-बाईकची बॅटरी खटक्यानं बसते, हे बघा. बॅटरीची किल्ली कुणाकडे राहणार ते विचारून घ्या.

१०. रस्त्यावर

ग्रीसमध्ये उजव्या बाजूनं चालवतात. सरळ रस्त्यावर चूक होत नाही. ती होते फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना आणि डावीकडे वळल्यानंतर. गटातल्या शेवटच्या माणसानं अशा वेळी ‘उजवीकडे’ अशी हाक द्यायची पद्धत ठेवा.

बेटांवरचं डांबर गुळगुळीत असतं. बऱ्याच ठिकाणी खडी चुनखडीची आहे आणि ती झिजून चकचकीत होते. कोरड्या दिवसातही वळणावर सायकल जास्त कलती करू नका, आणि कित्येक आठवड्यांनी पडलेल्या पहिल्या पावसात तर थांबलेलंच बरं. वळणावर बारीक खडी आणि शेळ्या दोन्ही असतात. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक आलटून पालटून घ्या, वळणात सोडा. टेकडीच्या आडोशातून उघड्या खिंडीत येताच वारा बाजूनं धक्का देतो. माथ्यावर पोहोचण्याआधीच हँडल खालून पकडा आणि दोन सायकलींमध्ये अंतर वाढवा.

गिअर चढ सुरू होण्याआधी बदला. ताण असताना बदलला की चेन उतरते. ई-बाईकवर पहिली चूक म्हणजे सुरुवातीपासून टर्बो. सपाट रस्त्यावर इको, चढावर मधला, आणि टर्बो फक्त खड्या टप्प्यापुरता. बॅटरी संपली तर पंचवीस किलोची सायकल पायांवर ओढावी लागते. बॅटऱ्या रात्री बोटीच्या जनरेटरवर चार्ज होतात, तेव्हा उतरल्या उतरल्या त्या खलाशाकडे द्या. स्वतःच्या केबिनमध्ये चार्ज करू नका, आगीचा धोका असतो.

तासाला अर्धा ते एक लिटर पाणी. छोट्या बेटांवर नळाचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं, बाटलीबंद घ्या. घाम वाऱ्यानं लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा.

११. बोटीवर राहताना

पहाटे पाचला नांगराची साखळी खडखडली तर घाबरू नका. मेल्तेमी दुपारी जोर धरतो, म्हणून कप्तान मोठा टप्पा पहाटेच उरकतो. त्या वेळी बोट लागत असेल तर केबिनमध्ये झोपून राहू नका. डेकवर मध्यभागी या आणि क्षितिजाकडे पाहा.

डेकवर अनवाणी चालायचं, बूट चढताना टोपलीत ठेवायचे. बोट मागच्या बाजूनं धक्क्याला लागते आणि मधे अरुंद फळी असते. तिच्यावरून एका वेळी एकच माणूस, हात मोकळे. एजियनमध्ये भरती-ओहोटीचा फरक जेमतेम असल्यानं फळीचा कोन दिवसभर फारसा बदलत नाही, पण लाटांनी ती हलते.

टॉयलेटमध्ये कागद टाकायचा नाही. पंप तुंबतो आणि त्याचा त्रास सगळ्या बोटीला होतो. शेजारी डबा असतो, त्यातच टाकायचा. ग्रीसच्या जमिनीवरही बहुतेक ठिकाणी हाच नियम आहे. जेट स्प्रे मिळणार नाही, लहान मग किंवा हातातली बिडे बाटली आणा. गोडं पाणी टाकीत मोजकं असतं. अंग ओलं करा, नळ बंद, साबण, पुन्हा नळ. पोहून आल्यावर डेकवरच्या शॉवरनं मीठ धुऊनच आत या.

१२. शाकाहारी जेवण

ग्रीसमध्ये शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही, फक्त नावं माहीत हवीत. टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल म्हणजे गिगांतेस, भाजलेल्या मिश्र भाज्या म्हणजे ब्रियाम, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणजे फावा, उकडलेल्या रानभाज्या म्हणजे होर्ता, पालक-चीजची पाय म्हणजे स्पानाकोपिता. भरल्या टोमॅटो-मिरच्या म्हणजे गेमिस्ता आणि द्राक्षपानांच्या गुंडाळ्या म्हणजे डोल्माडेस. या दोन्हींत कधी भात असतो, कधी खिमा. म्हणून दर वेळी विचारा.

‘होरिस क्रेआस’ म्हणजे मांसाशिवाय, ‘होरिस प्सारी’ म्हणजे माशांशिवाय. दोन्ही म्हणा, कारण नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मासे पुढे येऊ शकतात. ‘निस्तिसिमो’ म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स उपासात मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात, पण कोळंबी आणि कालवं चालतात, हे लक्षात ठेवा. बोटीच्या स्वयंपाक्याला बुकिंगच्या फॉर्मवरच सविस्तर लिहून कळवा. बोट सुटल्यावर त्याच्याकडे बाजार नसतो. जैन जेवण हवं असेल तर कांदा-लसूण-बटाटा असं एकेक नाव लिहा, आणि ठेपले, मेतकूट, खाकरे सोबत ठेवा.

१३. कोसहून उत्तरेची फेरी: काय पाहाल, कुठे दम लागेल

कोसचा उत्तर किनारा सपाट आहे, पहिला दिवस तिथेच जातो. शहरापासून चार किलोमीटरच्या आत अस्क्लेपिओन, प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या परंपरेशी जोडलेलं प्राचीन आरोग्यस्थान. झिया गावाचा चढ मात्र तीनशे मीटरच्या आसपास नेतो. तो शेवटच्या दिवसासाठी ठेवावा, पाय तयार झाल्यावर.

कालिम्नोस हे स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचं बेट. पोथिया बंदरातली रहदारी दाट आहे, शहरातून बाहेर पडेपर्यंत एका ओळीत सायकल चालवा. पूर्वेला वाथी हे संत्र्या-मोसंब्यांचं हिरवं खोरं आहे. तिथे जाणारा किनारी रस्ता या फेरीतला सर्वांत सुंदर टप्पा.

लेरोसवरचं लाक्की बंदर इटालियन राजवटीत वसवलेलं. हा द्वीपसमूह १९१२ पासून इटलीकडे होता आणि १९४८ मध्ये औपचारिकपणे ग्रीसमध्ये आला. रुंद रस्ते आणि १९३०च्या दशकातल्या गोलाकार इमारती त्यामुळेच. लिप्सी इतकं लहान आणि शांत की मुलांना मोकळं सोडावं.

पात्मोसवर स्काला बंदरातून ‘होरा’ या वरच्या गावापर्यंत चढ आहे. वर १०८८ मध्ये स्थापन झालेला सेंट जॉनचा मठ, वाटेत अपोकॅलिप्सची गुहा. दोन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत. सायकलच्या घट्ट शॉर्ट्सवर मठात सोडत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकतील असे हलके कपडे किंवा मोठी ओढणी पिशवीत ठेवा. मठाच्या वेळा आधी विचारा, दुपारी तो बंद असतो.

पात्मोसकडे जाताना वारा समोरून आणि परतताना पाठीमागून असतो. शिडं उघडतील तर बहुधा परतीच्या टप्प्यावर, तेव्हा त्या दिवशी डेकवर थांबा.

कप्तानानं वाऱ्यामुळे फेरी दक्षिणेकडे वळवली तर निसिरोस मिळेल. तिथे ज्वालामुखीच्या कड्यावर चढायचं आणि मग विवरात उतरायचं असतं. परतताना तोच उतार चढ होतो, तेव्हा निम्मी बॅटरी राखून ठेवा. विवरातली जमीन गरम असते, पातळ चपला घालून उतरू नका.

१४. पैसे, फोन, शेवटचा दिवस

छोट्या बेटांवर एखादंच एटीएम असतं. माणशी दोनशे-तीनशे युरो रोख ठेवा, त्यात बंदर शुल्क आणि टिप धरा. एटीएम किंवा कार्ड यंत्रानं ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरो निवडा. रुपये निवडलेत तर ते यंत्र स्वतःच्या महाग दरानं हिशेब करतं.

नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ फोन तिकडचं नेटवर्क पकडतो आणि युरोपपुरतं घेतलेलं रोमिंग पॅक तिथे लागू होत नाही. नेटवर्क हातानं निवडून ग्रीक कंपनीवर कायम करा.

आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिका १६६, तटरक्षक १०८. हे क्रमांक आणि बोटीचं नाव कागदावर लिहून सायकलच्या पिशवीत ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी ते वाचता येतील.

शेवटच्या रात्री बोट कोसला परत येते आणि सकाळी नाश्त्यानंतर लगेच केबिन रिकामी करावी लागते, कारण दुपारी पुढची तुकडी चढते. सायकलची किल्ली, बॅटरी, पॅनिअर (सायकलच्या बाजूच्या पिशव्या) आदल्या संध्याकाळीच परत करा आणि काही ओरखडा पडला असेल तर तेव्हाच दाखवा. पासपोर्ट कप्तानाकडे दिलेला असेल तर तो हातात घेऊनच फळीवरून उतरा.